‘बेघर झालात की या’ : मुंबई महापालिकेच्या आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका,
आणि सर्व विभाग कार्यालयांचे मा. सहाय्यक आयुक्त यांस,

स.न.वि.वि.

मी भाडेकरार करून देणारा माणूस आहे. पाठीवरच्या सॅकमध्ये लॅपटॉप, वेबकॅम, अंगठ्याचं मशीन आणि एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन घरोघर जातो. मालकाचा अंगठा, भाडोत्र्याचा अंगठा, दोन साक्षीदारांचे अंगठे, सगळ्यांचे फोटो, की करार नोंदणीला तयार. घाटकोपर ते मुलुंड हा माझा पट्टा, कधीमधी कळवा-मुंब्रा. ऑनलाइन नोंदणी यायच्या आधी झेरॉक्सच्या दुकानात बसून हेच करार स्टॅम्पपेपरवर टाइप करायचो. त्यामुळे कोण कुठल्या खोलीतून निघाला आणि कुठे जाऊन पडला, हे अकरा-अकरा महिन्यांच्या टप्प्यांनी मी बघत आलोय.

स्वस्त घरं, मोफत घरं, म्हाडाची सोडत यांवर आपल्याला लिहिणारे पुष्कळ आहेत. मी घर मागायला बसलेलो नाही. मला बोलायचंय ते खोली जाण्याआधीच्या दोन महिन्यांबद्दल. त्या दोन महिन्यांत माणसाने महापालिकेत जाऊन कोणासमोर बसावं, असं एकही टेबल मला माझ्या पट्ट्यात सापडलेलं नाही.

धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बायकांचा अंगठा मशीनवर पटकन उमटत नाही. साबणाने आणि तारेच्या घासणीने रेघा झिजलेल्या असतात. मग, मावशी, पदराला पुसा, आता दुसरं बोट द्या, जरा दाबून, असं चालतं. त्या बोट केसांवरून फिरवतात, थोडं तेल लागतं, पुन्हा ठेवतात. भांडुपला डोंगराच्या अंगाला एका खोलीत अशीच खटपट चालली होती. अकराव्या खेपेला डाव्या हाताचं मधलं बोट लागलं, तेव्हा मालकासकट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशी हसून म्हणाल्या, "एवढा वेळ तर लग्नाला लागला नव्हता."

सात हजार भाडं, पंचवीस हजार डिपॉझिट. मावशींची चार घरची कामं, नवरा एका बिल्डिंगचा वॉचमन. एवढ्याशा खोलीचा करार नोंदवायचा कशाला, तर मुलाला आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागेवर, शाळेत घालायचं होतं, आणि भाड्याने राहणाऱ्याचा पत्ता तिथे नोंदणीकृत करारावरच धरतात. मुलाला शाळा मिळाली. करार एकदा वाढलाही. त्यानंतर नवरा आजारी पडला आणि सहा आठवड्यांत गेला. दवाखाना, दिवसकार्य, कामावरचे खाडे यांत दोन महिन्यांचं भाडं थकलं. चौदा हजार.

मालक काही राक्षस नव्हता. स्वतः एका खोलीत राहून दुसरीचं भाडं खाणारा निवृत्त माणूस, ते भाडं हीच त्याची पेन्शन. घरात मुलीचं लग्न निघालं होतं. करार संपत आला होता आणि साडेसात हजार द्यायला नवा माणूस दारात उभा होता. त्याने करार वाढवला नाही, एवढंच.

हिशेब मीच मांडून दिला, म्हणून आकडे पाठ आहेत. पंचवीस हजार डिपॉझिटमधून थकलेलं भाडं चौदा हजार गेलं, रंगाचे तीन हजार, लाइट बिलाचे चौदाशे. हातात आले सहा हजार सहाशे. त्याच भागात दुसरी खोली घ्यायची तर तीस हजार डिपॉझिट, साडेसात हजार पहिल्या महिन्याचं भाडं, साडेसात हजार दलालाचे, आणि माझ्या कराराचा खर्च अडीच हजार. साडेसत्तेचाळीस हजार. चौदा हजारांत जी खोली राहिली असती, ती गेल्यावर तिच्यासारखी दुसरी मिळवायला एक्केचाळीस हजार कमी पडत होते. माझी फी मी सोडली असती, पण फीने काय होणार होतं?

करार संपायला तीन आठवडे होते तेव्हा मावशींना घेऊन मी एका वॉर्ड ऑफिसात गेलो. कुठल्या, ते लिहीत नाही. कुठल्याही गेलो असतो तरी हेच झालं असतं. तीन टेबलं फिरल्यावर एका भल्या कारकुनाने बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि विचारलं, "तुम्ही बेघर आहात का?" मावशी म्हणाल्या, "नाही, अजून खोलीत आहे." त्याने मान हलवली. "मग निवाऱ्यात कसं घेणार? बेघर झालात की या."

मी चिडलो होतो. जिना उतरताना राग ओसरला. त्याच्या फायलीत बेघरांसाठी निवारा होता, बेघर होऊ घातलेल्यांसाठी कागदच नव्हता. नसलेल्या कागदावर तो बिचारा शिक्का कुठे मारणार? पोलीस चौकीत आम्हाला अर्ध्या मिनिटात सांगितलं की हा दिवाणी मामला आहे. एका पक्षाच्या कार्यालयात पत्र मिळालं. पत्र छान होतं, लेटरहेडवर फोटो होते.

आता मावशींची मुलगी डोंबिवलीला त्यांच्या बहिणीकडे, मुलगा गावी मामाकडे. आरटीईची शाळा सुटली. आणि आई ज्या सोसायटीत भांडी घासते तिथेच पंपरूमच्या बाजूच्या कोपऱ्यात रात्री झोपते. नवऱ्याच्या ओळखीचा वॉचमन आहे, तो डोळेझाक करतो. त्याची ड्यूटी बदलली की तेही गेलं.

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री उघड्यावर झोपलेल्यांची मोजणी झाली, तेव्हा मुंबईत सुमारे ५७ हजार माणसं भरली. तेवढीच असतील यावर तेव्हाही कोणाचा विश्वास बसला नव्हता. २०२७ च्या जनगणनेत पुन्हा मोजणी होईल. पंपरूमजवळ झोपलेली बाई त्यात सापडेल का? विचारलंच तर ती सोसायटीचा पत्ता सांगेल. लाज असते माणसाला.

माझाही यात हात आहे, ते कबूल करतो. "मुदत संपताच लायसन्सीने जागा रिकामी करून शांततापूर्वक ताबा द्यावा" ही ओळ मी दिवसातून तीन-चारदा छापतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि राहिलेल्या काळाचे दुप्पट पैसे मागू शकतो. पागडीचा, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन जुन्या घरात कायम राहणारा, भाडेकरू वेगळा, त्याच्या मागे कायदा उभा आहे. आमच्याकडचा भाडोत्री कागदावर लायसन्सी असतो, म्हणजे राहायची परवानगी मिळालेला माणूस. मालकाच्या बाजूनेही हे कलम हवं, नाहीतर कोणी खोली भाड्याने देणारच नाही, हे मला पटतं. पण माझ्या बघण्यात प्रकरण प्राधिकाऱ्यापर्यंत जातच नाही. सोसायटीचा सेक्रेटरी दोनदा जिन्यात अडवून विचारतो, लिफ्टमधल्या बायका बोलायच्या थांबतात, आणि माणूस आपणहून टेम्पो बोलावतो.

हेवी डिपॉझिटचं प्रकरण आणखी निराळं. आपल्या बंगल्यावर हा शब्द पोचला नसेल म्हणून सांगतो. पाच-सहा लाख मालकाला एकरकमी द्यायचे, भाडं शून्य, निघताना रक्कम परत. गिरणीचे, फंडाचे, गावची जमीन विकल्याचे पैसे असतात हे. मालक त्या पैशांत स्वतःचं कर्ज फेडतो किंवा गावी बंगला बांधतो. मुदत संपल्यावर म्हणतो, पुढचा हेवीवाला मिळाला की देतो. मिळेपर्यंत राहा म्हणेल तर बरं. काहींना जागाही सोडायला लावतात आणि पैशांसाठी तारखा देतात. एक रिक्षावाले काका सोळा महिने पाच लाखांमागे फिरत होते. हातात पाच लाखांचा कागद आणि रात्री झोपायला रिक्षा. गरिबी म्हणजे पैसे नसणं असं आपण धरून चालतो, त्यांचे पैसे तर होते.

आणि करारच नसलेले? वस्तीतल्या पोटमाळ्यावर राहणाऱ्याकडे फार तर स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का असतो, बहुतेकदा तोही नसतो. पुनर्वसनाचा सर्व्हे येणार कळलं की मालक महिनाभर आधी भाडोत्र्याला निघायला सांगतो. सर्व्हेच्या दिवशी खोलीत मालकाची चूल हवी. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या (झोपु) योजनेत मालकाला घर मिळेल तेव्हा मिळेल, भाडोत्री कुठल्याच यादीत नाही.

बरं, यादीत असलेल्यांचं तरी ठीक आहे? झोपडी पाडून घेतली, विकासकाने दोन वर्षं भाडं दिलं, तिसऱ्या वर्षी चेक परत आला. अशी कुटुंबं माझ्याकडे करार संपताना येतात. नव्या इमारतीचा पाया खणलेला, त्यात पाणी साचलेलं, हातात पात्रतेचा कागद, आणि घरमालक विचारतोय पुढच्या अकरा महिन्यांचं काय. विकासकाने दोन वर्षांचं भाडं आगाऊ भरावं असा नियम झोपु प्राधिकरणाने २०२३ मध्ये केला, तो चांगला आहे. आधीच्या रखडलेल्या योजनांतले लोक मात्र प्राधिकरणाच्या दारात अर्ज घेऊन उभेच आहेत. हे खातं आपलं नाही, ठाऊक आहे. पण ते कुटुंब रस्त्यावर आलं की फुटपाथ आपला आहे.

पावसाळ्याआधीच्या नोटिसा तर थेट आपल्याच. म्हाडा अतिधोकादायक उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींची यादी काढते, आपण सी-१, म्हणजे पाडायलाच हव्यात अशा, इमारतींची काढता, महापालिका कायद्याच्या कलम ३५४ ची धोकादायक इमारतीची नोटीस चिकटते, पाणी तुटतं, वीज तुटते. लोक का निघत नाहीत असं दर वर्षी वर्तमानपत्रांत विचारलं जातं. ज्यांचा मालकी हक्क आहे ते हक्क जाईल म्हणून निघत नाहीत. आणि जे माझा करार घेऊन त्या इमारतीत राहतात, त्यांना संक्रमण शिबिर नाही, नव्या इमारतीत जागा नाही, आधीच्या डिपॉझिटचा पत्ता नाही. धोकादायक इमारतीत भाडं कमी असतं म्हणूनच ते तिथे असतात. २७ जून २०२२ च्या रात्री कुर्ल्याच्या नाईकनगरमध्ये इमारत पडली आणि १९ जीव गेले, त्यांत भाड्याने राहणारे मजूर होते. नोटीस दारावर लावणारा माणूस आपल्याकडे आहे. त्याच दारावर थाप मारून, भाड्याने कोण कोण राहतं, जायचं ठिकाण आहे का, असं विचारणारा माणूस नाही.

१९८५ साली फुटपाथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, सरन्यायाधीश होते यशवंत विष्णू चंद्रचूड, उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला. त्याच निकालात महापालिकेला बजावलं होतं की पावसाळा सरून महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, या लोकांना हलवू नका. पावसाळ्यात राहती झोपडी पाडू नये हे आजही सरकारचं धोरण आहे. अकरा महिन्यांचा करार मात्र पाऊस बघत नाही. जुलैत संपणारे करार मला सगळ्यांत नको वाटतात. ताडपत्रीखाली टेम्पोत गादी, कपाट, गॅसची टाकी आणि वरती शाळेची दप्तरं.

आता थोडं जुनं. मी १९८७ साली कोकणातून आलो तो डिलाईल रोडच्या चाळीत, आमच्या गावच्या मंडळाच्या खोलीत. गिरणी संपाला पाच वर्षं झाली होती, कित्येक गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजलेच नव्हते. खोली दहा बाय बाराची, नावं वहीत अठ्ठावीस. भिंतीला ओळीने खुंट्या, ज्याची त्याची ठरलेली. माझी दारामागची चौथी, आधी ज्याची होती तो गावी गेला तो आलाच नाही. रातपाळीवाले दिवसा झोपायचे, दिवसपाळीवाले रात्री, उरलेले गॅलरीत वळकट्या टाकून. जेवायला कोपऱ्यावरच्या बाईंची खानावळ. धोबीतलावला गोयंकारांचे कूड, म्हणजे गोव्याच्या लोकांच्या सामायिक खोल्या, असेच गावागावांचे होते.

खोलीचे चिटणीस दर महिन्याच्या दहा तारखेला वही उघडायचे. पैसे न दिलेल्याच्या नावापुढे ‘बाकी’ लिहायचे. एक महिना बाकी असेल तर कोणी काही बोलायचं नाही. सलग दुसऱ्या महिन्याला बाकी दिसली की रविवारी त्याला बाजूला घेऊन विचारायचे, "काय रे, काय झालं?" मग कोणाला वॉचमनची नोकरी बघून दिली जायची, कोणाची बाकी चौघे मिळून भरायचे, आणि एखाद्याला एसटीचं तिकीट काढून गावी सोडलं जायचं. दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्यालाही चिटणीसांनी तीन रविवार दिले होते.

सोन्याचे दिवस होते असलं मी म्हणत नाही. बाईमाणसाला तिथे जागा नव्हती, दुसऱ्या गावच्याला नव्हती, आणि जात न विचारता कोणाला खुंटी मिळाली असेल यावर माझा विश्वास नाही. अठ्ठावीस माणसांत ढेकूण किती ते विचारू नका. पण दोन महिन्यांची बाकी दिसली की माणसाला विचारायचं, हे त्या न शिकलेल्या चिटणीसांना कळत होतं. चाळ पुनर्विकासात गेली. खोली कागदोपत्री एकाच्याच नावावर होती, त्याच्या मुलांना फ्लॅट मिळाला आणि वही कुठे गेली ठाऊक नाही.

शहराने त्या वहीच्या जागी काय आणलं? एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) २००८ मध्ये भाड्याच्या घरांची योजना काढली होती, १६० चौरस फुटांची खोली, पाच वर्षांत पाच लाख घरं असा डंका होता. बांधली गेली ती त्या मानाने चिमूटभर, आणि त्यांतली कित्येक धोकादायक इमारतींतून आणि रस्तारुंदीतून हलवलेल्यांच्या तात्पुरत्या निवाऱ्यासाठी गेली, काही पनवेलजवळ कोनला जोडून जोडून गिरणी कामगारांच्या सोडतीत आली. भाड्याची खोली म्हणून भाड्याने द्यायची ही मूळ गोष्ट राहूनच गेली. करोनात मजूर चालत निघाल्यावर २०२० च्या जुलैत केंद्राने भाड्याच्या संकुलांची योजना आणली. माझ्याकडे करार करायला आलेल्या एकाही माणसाने तिचं नाव काढलेलं नाही.

निवाऱ्यांचं सांगायचं तर शहरी बेघरांच्या योजनेने निकष घालून दिला होता, एक लाख वस्तीमागे किमान शंभर माणसांचा एक कायमचा निवारा. २०११ लाच मुंबई १ कोटी २४ लाखांची होती, म्हणजे सव्वाशे निवारे हवेत. त्याच्या जवळपासही आपण नाही, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आहेत तिथेही बहुतेक ठिकाणी पुरुषांचं वेगळं, बायकांचं वेगळं. नवरा, बायको, दोन मुलं आणि एक म्हातारी अशा घराने पाच जणांची तीन ठिकाणी पांगापांग करायची. त्यापेक्षा लोक पुलाखाली एकत्र राहणं पसंत करतात, आणि मीही तेच केलं असतं. रस्त्यावर आल्यावर सरकारची जी गाडी हमखास दारात येते ती १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याची. डोळ्यांना दिसेल असं उपजीविकेचं साधन नाही आणि भीक मागून जगत असावा असं वाटलं, की तो माणूस त्या कायद्यात बसू शकतो आणि पुढचा मुक्काम चेंबूरचं भिक्षेकरी गृह.

माझा भाचा इंग्लंडात लेस्टरला असतो. तिकडे २०१७ चा एक कायदा आहे, एप्रिल २०१८ पासून लागू झालेला. ५६ दिवसांच्या आत छप्पर जाईल अशी वेळ आली की माणसाने कौन्सिलकडे जायचं, आणि पात्र असेल तर आहे ते घर टिकवायला किंवा दुसरं मिळवायला कौन्सिलने हातभार लावायचा, हे तिच्यावर बंधनकारक. तिकडेही तात्पुरत्या खोल्यांत कुटुंबं वर्षं काढतात, भाचा सांगतो ना. मला त्यातला आकडा आवडला. ५६ दिवस. आमच्या चिटणीसांची दोन महिन्यांची बाकी.

तर मागणी अशी की प्रत्येक वॉर्ड ऑफिसात एक खिडकी असावी. नवी इमारत नको, उद्घाटन नको, कोणा थोर माणसाचं नाव तर मुळीच नको. एक समाजविकास अधिकारी, एक फोन, एक वही. करार संपायला दोन महिने राहिले आणि जायला जागा नाही, दोन भाडी थकली, नोटीस चिकटली, नवऱ्याने किंवा मुलाने बाहेर काढलं, असा कोणीही तिथे येईल.

पहिलं काम फोनचं. मालकाला महापालिकेतून एक सभ्य फोन गेला की दोन महिन्यांची मुदत मिळते, हे मी स्वतः फोन करून बघितलंय. माझा फोन चालतो तर आपला चालणार नाही?

दुसरं काम पैशांचं. दोन-तीन महिन्यांचं थकलेलं भाडं बिनव्याजी, सरळ मालकाच्या बँक खात्यात, आणि भाडोत्र्याने पाचशे-हजाराच्या हप्त्याने फेडायचं. पाच हजार कुटुंबांना चौदा-चौदा हजार धरले तर सात कोटी होतात. आपला २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटींचा होता. लबाडी होईल, शंभर टक्के होईल. योजना जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मेव्हण्याशी खोटा करार करून द्या म्हणणारे माझ्याच दारात येतील. म्हणून सहा महिन्यांपूर्वी नोंदलेला करारच धरा; करार नसलेल्या वस्तीतल्या माणसासाठी मुलाच्या शाळेचा दाखला, शेजारच्या दोघांची सही आणि अधिकाऱ्याची प्रत्यक्ष भेट. आणि आमच्यासारख्या एजंटांना या खिडकीपासून चार हात लांब ठेवा.

तिसरं, आहे तो कायदा हातात द्यायचा. महिलेला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो, हे किती जणींना माहीत आहे? सासरच्या घरात राहण्याचा हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात आहे. मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून दिल्यावर आईबापांना बाहेर काढलं, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. तिथे सांभाळण्याची अट महत्त्वाची ठरते. बक्षीसपत्राचं विचारायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना मी ती अट कागदात घालायला सांगतो. शेजारी बसलेला मुलगा माझ्याकडे बघतो. एकदा एका मुलाने त्या एका ओळीसाठी एजंट बदलला.

आणि एक बारीक गोष्ट, जी कुठल्याही योजनेत सापडणार नाही. सामान. खोली गेली की माणूस चार दिवस कोणाच्याही घरी झोपू शकतो, पण कपाट, गॅस, शिलाई मशीन, देव घेऊन जाता येत नाही. फुटपाथवर ठेवलं तर आपली गाडी उचलून नेते, नातेवाइकांकडे ठेवलं तर आठव्या दिवशी वाजतं. शेवटी माणूस भंगारवाल्याला देतो आणि पुन्हा खोली मिळाली तरी संसार शून्यापासून. भांडुपच्या मावशींनी शिलाई मशीन आठशे रुपयांना दिलं. दर वॉर्डात पालिकेचं एखादं बंद गोदाम, एखादी ओस शाळा असतेच. तिथे कुलूपबंद कप्पे करून तीन महिने सामान ठेवायची सोय केली, तरी किती संसार वाचतील. हे तर उद्यापासून जमेल.

करार झाला की त्याच्या मागे मी एक कागद स्टेपल करून देतो. माझ्याच खर्चाने छापलेला, मोठ्या अक्षरांत. त्यावर पोलिसांचा ११२ आहे, बायकांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, म्हाताऱ्यांसाठी १४५६७, आणि झाड पडलं, भिंत पडली, पाणी भरलं तर आपला १९१६. सगळ्यांत खाली मी ‘खोली जायची वेळ आली तर’ असं छापून ठेवलंय आणि पुढची जागा कोरी आहे. लोक विचारतात, इथे छापायचं राहिलं का?

या वेळचे कागद संपत आले आहेत. पुढच्या दोनशे प्रती दिवाळीनंतर छापायला टाकेन. तोवर नंबर कळवावा, ही विनंती.

आपला,
भांडुपचा एक भाडेकरारवाला